रॅमचा निवाडा

आदिलाबादेत कापसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. म्हणून त्यावरचा प्रत्येक दावा आम्ही वकिली चिकित्सेने तपासतो. यंदा चिरंजीवांनी खेळांसाठी संगणक मागितला, तोही ३२ जीबी रॅमचा. पुरावा पाहिला. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ लाच किमान ४ जीबी लागते. ८ जीबीत जुने खेळ निभावतात, अलीकडच्या मोठ्या खेळांना बहुधा १६ लागते. रॅम अपुरी पडली, की यंत्र डिस्ककडून उसनवारी करते आणि खेळ अडखळतो. गरजेहून अधिक असली, तर ती नुसती पडून राहते. सबब ८-८ च्या दोन पट्ट्या, आणि वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाला, असा निवाडा आम्ही दिला. पुढेमागे आणखी दोन पट्ट्या बसतील असा मदरबोर्ड हवा, ही चिरंजीवांची पुरवणी मागणी मात्र मंजूर करावीच लागली.