ढोलाच्या ठेक्यावरचा स्वर्ग

मिझोराममधल्या पोस्टिंगची गोष्ट. आमच्या युनिटमधल्या एका मिझो नाईकाचं पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. दरड कोसळून त्याची गाडी दरीत गेली होती. कागदोपत्री 'फिजिकल कॅज्युअल्टी'. चकमकीत गेला असता तर 'बॅटल कॅज्युअल्टी' ठरला असता, आणि त्याच्या आईशी बोलायला माझ्याकडे मोठे शब्द असते. रणात पडलेल्याला स्वर्ग, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं आश्वासन आम्हा फौजींना तोंडपाठ. रस्त्यावर गेलेल्याचं काय, हे खडकवासल्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घर माणसांनी भरलेलं. यंग मिझो असोसिएशनची पोरं कबर खणायच्या तयारीला लागली होती. अंधार पडला आणि गाणी सुरू झाली. खुआंग, म्हणजे मिझो ढोल, संथ वाजत होता आणि त्या ठेक्यावर म्हातारे, बायका, पोरं सगळे गात होते. माइक नाही, पेटी नाही. या गायनाला लेंगखॉम म्हणतात. वेल्श मिशनऱ्यांनी शिकवलेली चार आवाजांतली स्तोत्रं वेगळी. हे गाणं 1919 च्या सुमाराच्या धर्मजागृतीनंतर मिझोंनी स्वतःच्या सुरावटीत घडवलं. त्याआधी चर्चमध्ये ढोल चालत नसे.

शब्द कळत नव्हते. शेजारी एक निवृत्त सुभेदारसाहेब बसले होते. ते हिंदीतून समजावू लागले.

"साहेब, आमच्या पूर्वजांचा स्वर्ग म्हणजे पियालराल. तिथे जागा कुणाला? ज्यानं ठरलेली मोठी जनावरं मारली, किंवा गावाला मोठमोठ्या मेजवान्या दिल्या, त्याला. बाकीचे मिथी खुआमध्ये, मेलेल्यांच्या साध्या गावात."

"आणि या गाण्यांत?"

"यांतला स्वर्गही सुंदर आहे. सोन्याचे रस्ते आहेत, नदी आहे. पण आया त्यासाठी गात नाहीत. तिथे पुन्हा भेट होते आणि मग निरोप नसतो, म्हणून गातात."

मला माझी आजी आठवली. माळकरी होती. पंढरपूरला ती माहेर म्हणायची. तिनंही कधी वैकुंठाच्या वैभवाचं वर्णन केलं नाही. तिथे आपलं माणूस वाट बघतंय, एवढं तिला पुरे होतं.

नाईकाची आई गात होती. मध्येच रडत होती, पुन्हा ढोलावर येत होती. मध्यरात्री ती माझ्याजवळ आली आणि एकच विचारलं. सुभेदारसाहेबांनी सांगितलं, "शेवटी तो एकटा होता का, असं विचारतेय."

"नाही," मी म्हणालो. "दोघं जोडीदार होते. हात धरून होते."

तिनं मान हलवली आणि परत गाण्यात जाऊन बसली. सेवा, कर्तव्य, देश असं लिहून आणलेला कागद माझ्या खिशातच राहिला.

त्यानंतर घरच्यांना अशी पत्रं लिहायची वेळ माझ्यावर दोनदा आली. दोन्ही वेळा, शेवटी त्याच्यासोबत कोण होतं, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं.