न पेटणारा दिवा

दसरा सरला की आमच्या उमापुरात कोयते, भांडी, पालांची बांधाबांध सुरू होते. गेवराई तालुक्यातल्या या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. ट्रकच्या हौद्यात संसार आणि संसारावर माणसे. (कायदा काय म्हणतो ते आम्हांस ठाऊक आहे.) धाकट्या भावाने या कामासाठी जुना ट्रक घेतला. आम्ही साहित्य शिकवणारे. ट्रकशी आमचा संबंध जामीनदाराच्या सहीपुरता.

चावी फिरवली की 'एबीएस'चा दिवा क्षणभर पेटून विझायला हवा. या गाडीत तो पेटतच नव्हता. भाऊ म्हणाला, "दिवा नाही, म्हणजे बिघाड नाही." वायरमन चाचांनी डॅशबोर्ड उघडला, तर बल्बची जागा रिकामी! आधीच्या मालकाने तक्रार करणाऱ्याची जीभच काढून ठेवली होती. नवा बल्ब बसवला. तो पेटला आणि विझेना.

अवजड मालवाहू गाड्यांना ही यंत्रणा 2015 पासून सक्तीची आहे. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी कड्याजवळचा सेन्सर गती कळवतो. जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊ लागले की मॉड्यूल वाल्वमार्फत हवेचा दाब सोडते, पुन्हा भरते. यंत्रणा बंद पडली तरी ब्रेक लागतातच, म्हणून कोणी मनावर घेत नाही. ओल्या उतारावर गाडी आडवी घसरते तेव्हा फरक कळतो.

शहरातल्या एका गॅरेजने मॉड्यूल मेल्याचा निर्वाळा दिला. टोळीला उचल देऊन घरात उरलेले सारे नव्या मॉड्यूलमध्ये गेले असते. चाचांना घाई नव्हती. फ्यूज शाबूत होता. कनेक्टर काढून मीटर लावले, तर पुरते 24 व्होल्ट. आम्हांस वाटले, निकाल लागला. चाचांनी त्याच दोन पिनांना एक मोठा बल्ब जोडला. तो मिणमिणला, आणि मीटर निम्म्यावर उतरले. "भार टाकल्याशिवाय वायर खरे बोलत नाही," ते म्हणाले. अर्थिंगची वायर चासीला जिथे कसली होती तिथे गंजाचा थर, आत तांब्याचे दोन-तीन धागे. बोल्ट घासून नवी वायर जोडली. गाडी थोडी चालताच दिवा विझला. मेलेले मॉड्यूल उपाशी होते, इतकेच.

टोळी निघाली त्या पहाटे कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने केबिनमध्ये डोकावून विचारले, "दादा, आत्ता पिवळं काय चमकलं?" भावाने चावी बंद केली आणि तिला दिसावे म्हणून पुन्हा फिरवली.