दार लावलं, पण एकच

मुलगा सुट्टीत देवरीला आलाय. ठरल्या वेळेतच उत्तर देणाऱ्या संगणकांचं त्याचं काम. म्हटलं, बीए झालेल्याला कळेल असं सांग!

"बाबा, १९९१ च्या 'परम ८०००' सारखे अनेक प्रोसेसर आता फोनमध्येही असतात. काम चालू असताना मध्येच येणारी हाक म्हणजे इंटरप्ट. महत्त्वाच्या नोंदीपुरती ती बंद ठेवता येते. पण ती बंदी फक्त आपल्या प्रोसेसरपुरती. दुसरा हाक घेतो आणि तीच नोंद बदलतो. म्हणून नोंदीलाच कुलूप लावायचं, आणि चटकन सोडायचं. नाहीतर थांबलेल्याची वेळ चुकते."

मी गप्पच झालो... आमची शाळा दोन शिक्षकी. वहीतली तांदळाची शिल्लक कागदावर उतरवून मी दार लावून हिशेब करत बसलो होतो. तेवढ्यात सहकारी गुरुजींनी तांदूळ वाटून वहीत नवी शिल्लक लिहिली. मी ती खोडून माझा आकडा लिहिला. पोती मोजली तेव्हा जुळेना. सगळ्यांसमोर मी त्यांनाच बोललो.

दार मी लावलं होतं, वही उघडीच होती.

गुरुजी आता नाहीत. माफी मागायची राहूनच गेली. असो.