‘रक्तप्रवाह व्यवस्थित’

मधुमेही रुग्णाचा पाय तपासायला आला की मांडीपासून घोट्यापर्यंतच्या धमन्या डॉप्लर सोनोग्राफीवर बघायच्या, लाटा नीट उमटल्या की खाली ‘रक्तप्रवाह व्यवस्थित’ लिहायचं, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. सेलू तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रिपोर्टवर मी तेच लिहिलं. त्याच्या अंगठ्याची जखम मात्र चिघळतच गेली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. नंतर तोच रिपोर्ट घडी उलगडून त्यानं माझ्यापुढे ठेवला. रागावला नव्हता. म्हणाला, “सायेब, बोर धरणाच्या कालव्याले पाणी असते, पण टोकाच्या वावरात पोचत नाही. माह्या पायाचं तसंच झालं का?”

तसंच झालं असणार. मी बघितला तो कालवा. 5 मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी शरीरात साधारण 0.3 मिलिमीटर भरते. केशवाहिनी त्याहून तीस-चाळीस पट बारीक. ती आमच्या पडद्यावर येतच नाही.

2015 साली पॅरिसच्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अल्ट्रासाउंडनं टिपून ‘नेचर’मध्ये छापलं, तेव्हा मी सहकाऱ्यांना ठासून सांगितलं होतं की हे प्रयोगशाळेतलं कौतुक आहे, सेवाग्राम-सावंगीच्या ओपीडीतल्या रांगांना त्याचा उपयोग नाही. शेतकरी गेल्यावर तो लेख मी पुन्हा काढला, आणि या वेळी नीट वाचला.

त्यातली युक्ती साधी आहे. लाल रक्तपेशीहून लहान असे वायूचे बुडबुडे शिरेतून सोडतात. पडद्यावर प्रत्येकाचा पसरट डाग दिसतो. पण टिपकागदावर शाईचा थेंब फुटला तरी त्याचा मध्य सांगता येतो, तसा इथेही येतो. असे लाखो मध्य जोडले की वाहिनीची वाट उमटते, वेगही कळतो. अडचण अशी की बुडबुडे दाट झाले तर डाग एकमेकांत मिसळतात, आणि विरळ ठेवले तर बराच वेळ थांबावं लागतं. त्यातही सगळ्यात बारीक वाहिनीत बुडबुडा क्वचितच शिरतो, म्हणजे सगळ्यात जास्त वाट तिचीच बघायची. तेवढ्यात रुग्ण केसभर हलला तरी चित्र पुसट होतं. मिसळलेले डाग संगणकाकडून वेगळे करून घ्यायचे आणि हालचाल वजा करायची, यावर सध्या जोरात काम चालू आहे.

मला तर वाटतं, हे तंत्र आधी पायासाठीच पक्कं करावं. पाय श्वासाबरोबर हलत नाही, मध्ये कवटी येत नाही, आणि बोट वाचवायचं की काढायचं हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

ते यंत्र माझ्याकडे नाही. बदलता आला तो रिपोर्ट. आता लिहितो: ‘मोठ्या धमन्यांतला प्रवाह ठीक. बारीक वाहिन्यांबद्दल या तपासणीवरून सांगता येत नाही.’ त्या शेतकऱ्याचा दुसरा पाय अजून शाबूत आहे. तो आला की प्रोब उचलण्याआधी मी त्याची बोटं हातात धरून ऊब बघतो.