गड्डा फुटला, ताई

मुळशी, १८ ऑगस्ट

प्रिय ताई,



तुझा अशोक जमिनीत लागला. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ओरडली असतीस, म्हणून लिहून कळवतेय. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देऊ नकोस, असं तू तीनदा बजावलं होतंस. मी तो फोडला.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली नसती तर तो कोथरूडच्या गॅलरीतच राहिला असता, हे खरं. दुधाच्या पिशवीत तू बी रुजवलंस त्याला नऊ वर्षं झाली. अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात सात फूट वाढला आणि थबकला. छोटा हत्ती बोलावला, झाड आडवं निजवलं, शेंडा आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळला, कारण वाऱ्याने पानं फाटतात. भूगावात अर्धा तास अडकल्याचा वचपा ड्रायव्हरने पिरंगुटच्या घाटात काढला. माले गावाला पोचेपर्यंत माझा जीव त्या साडीतच होता.

खड्डा मी आधीच खणून घेतला होता, पुस्तकात असतो तसा तीन बाय तीन बाय तीन. रात्री पाऊस झाला, सकाळी बघते तर विहीर! वर वीतभर माती, खाली घट्ट मुरूम. पाणी जाणार कुठे? पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. इथून पुढे ताम्हिणीत तो पाच हजारांच्या वर जातो. आम्ही मधे कुठेतरी, पण पुण्याच्या पुस्तकाने खणावं इतके कोरडे नव्हे. सीता अशोक मूळचा सह्याद्रीच्या ओढ्याकाठचा. त्याला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. खड्डा अर्धा बुजवला, रुंदीला वाढवला, उताराकडे चर काढला आणि झाड वीतभर उंचवट्यावर बसवायचं ठरवलं. शेणखत बेताचंच घातलं. खड्ड्यातच सगळी चंगळ असली की मुळं बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड.

ड्रम मात्र सुटेना. मी थापट्या मारत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या मावशी आवणी उरकून बांधावरून आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. "आवं, असं गोंजारून निघतंय व्हय!" म्हणत त्यांनी ड्रम आडवा पाडला आणि चहूबाजूंनी टाचेने लाथा घातल्या. मला कालिदासाची मालविका आठवली. राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसलेली, म्हणून अशोक फुलावा यासाठी त्याला लाथ मारायला तिच्या जागी मालविकेला पाठवतात. अळता लावलेला पाय, त्यात नूपुर. पाच रात्रींत झाड फुललं तर मागशील ते मिळेल असं राणीचं वचन. इथे नूपुरांच्या जागी चिखल होता, पण ड्रम निघाला.

आणि ताई, आतली माती दिसेचना. नुसती मुळं, ड्रमच्या भिंतीला घासत गोल गोल फिरून चुंबळीसारखी झालेली. एक तर अंगठ्याएवढं जाड, खोडाला अर्धा वेढा घालून बसलेलं. तसंच पुरलं असतं तर ते जमिनीतही गोलच फिरलं असतं आणि उद्या खोड जाडावल्यावर त्यालाच आवळलं असतं. तरी माझा हात धजेना. मावशी म्हणाल्या, "आमी भाताचं रोप उपटतो, पायावर आपटून चिखल झाडतो, मंग मुठी बांधतो. चार दिस पिवळं पडतंय, मंग उठतंय." भाताचं एकवीस-बावीस दिवसांचं रोप आणि नऊ वर्षांचा अशोक यांत फरक आहे, असं मी म्हणाले. "हाय की," म्हणाल्या आणि कोयती पुढे केली.

कडेने चार ठिकाणी उभे काप दिले. ते जाड मूळ तोडताना कचकन आवाज आला, तेव्हा तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. बाकीची बोटांनी सोडवून बाहेरच्या दिशेला पसरली, खोडाचा रुंदावा मातीच्या वर ठेवला, काठीला सैल बांधलं. झाडाच्या पश्चिमेला आपलं जुनं जांभूळ आहे, दुपारचं ऊन ते घेईल. ऑक्टोबरसाठी गोणपाटाचा आडोसा वेगळा करणार आहे. गॅलरीत सकाळच्या दोन तासांच्या उन्हावर वाढलेलं पोर ते.

मावशींच्या सासरचं मूळ घर धरणात गेलंय. १९२१ साली सेनापती बापट ज्याविरुद्ध सत्याग्रहाला उतरले, तेच हे टाटांचं धरण. पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं आणि मावशींचं घर तीन पिढ्या या उतारावर आहे. त्यांनी हे खड्डा बुजवताना सहज सांगितलं. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, मी माती दाबत राहिले.

पहिल्या दहा दिवसांत वीसेक पानं गळली. तुला कळवलं नाही. आज सकाळी मावशींची हाक आली, "ताई, तुमचं झाड गेलं वो, शेंडा लोंबतोय." चपला न घालता धावले. शेंड्याला तांबूस, ओल्या फडक्यासारखी लुळी पानं लोंबत होती. अशोकाची कोवळी पालवी अशीच लोंबते, हे तूच मला दाखवलं होतंस. नवी फूट आहे गं! मावशींचा अजून विश्वास बसलेला नाही. सकाळपासून दोनदा येऊन बघून गेल्या.

तुझी,
धाकटी