उसनी पडशी

प्रवासास निघताना माणसाने किती ओझे घ्यावे, या प्रश्नावर आमचे आयुष्यभराचे मत असे होते की, घरातून जेवढे हलविता येईल तेवढे घ्यावे. वळकटी, फिरकीचा तांब्या, लाडवांचा डबा, औषधांची पेटी आणि 'असू द्यावी' म्हणून घेतलेली छत्री, एवढ्या लवाजम्यानिशी आम्ही आजवर यात्रा केल्या. तेव्हा सत्तराव्या वर्षी पाठीवर एकच पिशवी टाकून आम्ही माळव्यात उतरलो, हे ऐकून स्नेह्यांस हसू यावे यात नवल नाही. पण त्या पिशवीचा इतिहास सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

ती पिशवी आमची नव्हे. धाकट्या बंधूंच्या नातवाची. बंधूंचे आणि आमचे बोलणे अकरा वर्षांपूर्वी थांबले. कारण सांगावयाची लाज वाटते. गोव्यातील मूळ घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा चौकातील तुळशीवृंदावन कोणाच्या हद्दीत यावे यावरून शब्दाने शब्द वाढला आणि चौकात भिंत आली. वृंदावन आमच्याकडे राहिले. बंधूंनी पलीकडे नवे बांधले. कुलदेवतेच्या जत्रेस दोघेही जातो, पालखीच्या दोन बाजूंस उभे राहतो आणि प्रसाद घेऊन दोन वाटांनी घरी परततो.

नातू मात्र भिंत मानीत नाही. गेल्या पौषात तो आमच्या मुंबईच्या बिऱ्हाडी आला, तो थेट दक्षिण अमेरिकेतून. पाराग्वे नावाच्या देशात तो दीड महिना हीच पिशवी पाठीवर टाकून हिंडला होता. त्या देशास समुद्र नाही. प्रवासी शेजारच्या ब्राझीलला जातात, अर्जेंटिनाला जातात. इकडे फारसे कोणी वळत नाही. "मग तू कशाला गेलास?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "कोणी जात नाही म्हणूनच, आजोबा. तिथं आपण गिऱ्हाईक नसतो, पाहुणे असतो." तेथे ग्वारानी आणि स्पॅनिश अशा दोन भाषा चालतात, १९९२ च्या संविधानाने दोन्ही राजभाषा ठरल्या आहेत, आणि त्याने पाहिलेल्या घरांत लिहिणे-वाचणे एकीत तर लाड आणि भांडण दुसरीत चाले, हेही त्याने सांगितले. घरी कोंकणी बोलून मराठीत पोथी वाचणाऱ्या आम्हांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे असा प्रदेश कोणता, याचा विचार करता आम्हांस धार आणि देवास आठवले. दोन्हीकडे अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत पवारांचे राज्य. तथापि आपली मंडळी महाकालाच्या दर्शनास उज्जैनला जातात, ओंकारेश्वरला जातात, मांडू पाहतात. धार आणि देवास मोटारीच्या खिडकीतून मागे पडतात. हे ऐकताच नातवाने पिशवी रिकामी करून आमच्यापुढे ठेवली. "यात मावेल तेवढंच न्यायचं," अशी त्याची एकच अट. तो तिला सॅक म्हणे. आम्ही तिचे नाव पडशी ठेवले.

रात्रीच्या गाडीने इंदूर आणि तेथून मोटारीने धार. मांडूस निघालेले प्रवासी येथे चहापुरते उतरतात, तेथे आम्ही दोन दिवस राहिलो. लाट मशिदीच्या आवारात इतिहासप्रसिद्ध लोहस्तंभ आहे. मशीद दिलावरखानाने १४०५ च्या सुमारास बांधली. स्तंभ त्याहून जुना. तो आज उभा नाही. त्याचे तीन तुकडे ओट्यावर ओळीने ठेवले आहेत. लांबी एकूण सुमारे त्रेचाळीस फूट आणि वजन काही टनांचे. एवढे लोखंड त्या काळी ठोकून एकजीव करणारे लोहार धन्य होत. मोडलेले पुन्हा सांधणे मात्र पुढे कोणास साधले नाही.

धारच्या किल्ल्याची गोष्ट तर आमच्या वर्मावरच बोट ठेवणारी निघाली. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १७७५ साली या किल्ल्यात जन्मला. शनिवारवाड्यावर हक्क सांगणाऱ्या घराण्याचा मुलगा माळव्यात का जन्मावा? १७७३ साली नारायणरावाचा खून झाला, राघोबादादा आणि कारभारी यांच्यात जुंपली, आणि त्या धावपळीत गरोदर आनंदीबाईंस येथे आश्रय घ्यावा लागला. पुण्याच्या भाऊबंदकीचे ते मूल. १८१८ साली पेशवाई त्याच्याच हातून गेली आणि १८५१ साली बिठूरला तो वारला. लाल दगडाच्या त्या तटावर बसून आम्ही पडशीतून दशम्या काढल्या खऱ्या, पण घास गोड लागला नाही.

धारमध्ये एका वृद्ध मराठी गृहस्थांनी आम्हांस रस्त्यातून घरी नेले. त्यांची भाषा मराठीच, पण हिंदीच्या पाण्याने वाढलेली. "तुम्ही बसून जा ना, चहा घेऊनच जाल," असे ते म्हणाले, तेव्हा प्रथम हसू आले आणि मग त्यातली माया जाणवली. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. ते याच गावी येऊन राहिले, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. फडक्यांस १९६१ साली पद्मश्री मिळाली आणि १९७२ साली ते निवर्तले. त्या पुतळ्यापुढून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. त्याचा कर्ता धारचा रहिवासी होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते. जी माणसे दूर राहिली, त्यांची आम्ही कधी विचारपूस केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुन्हा इंदुरास येऊन आम्ही देवास गाठले. या गावाची कथा अजब आहे. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आले, आणि त्यांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. इंग्रजी अमलात दोघांनाही पंधरा तोफांची सलामी. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. त्यांच्याकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर खाजगी चिटणीस म्हणून राहिले होते. तेथील आठवणींचे पुस्तक त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले, आणि त्याला नाव दिले ते देवीच्या टेकडीचे.

वाटण्या झालेल्या त्या गावावर ही टेकडी उभी आहे. तिच्या पायथ्याच्या रस्त्यावर कुमार गंधर्वांचे घर आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा गायक क्षयाने आजारी होऊन १९४८ साली येथे आला. वैद्यांनी गाणे बंद करविले. काही वर्षे त्यांनी आवाज न लावता काढली आणि त्या काळात माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली. पुढे ते गाऊ लागले, तेव्हा ती त्यांच्या गाण्यात उतरली होती. १९९२ साली देवासलाच त्यांचा अंत झाला. अबोला आम्हीही अकरा वर्षे पाळला होता. पण भिंतीपलीकडचे काही ऐकावे, असे आमच्या मनातही आले नव्हते.

वर जावयास आता रोपवे आहे. आम्ही पायऱ्यांनी चढलो. पडशी हलकी होती म्हणूनच चढवले. वर दोन देवी आहेत: तुळजाभवानी ती बडी माता आणि चामुंडा ती छोटी माता. त्या बहिणी, असे लोक मानतात. एकदा दोघींत वाद झाला. थोरली रागाने पाताळात जाऊ लागली आणि धाकटी टेकडी सोडून निघाली. मारुती आणि भैरव आडवे आले, विनवण्या केल्या, तेव्हा दोघी थांबल्या. परंतु तोवर थोरलीचे अर्धे अंग भूमीत गेले होते. ते वर आले नाही. एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे न जाणाऱ्याची यात्रा पुरी होत नाही, असे तेथे सांगतात.

आम्ही थोरल्या मातेपुढे बराच वेळ बसलो. थोरले आम्हीच. अकरा वर्षे भूमीत गेली होती, ती काही परत येणार नव्हती. दोन्ही ठिकाणच्या प्रसादाच्या दोन पुड्या बांधून घेतल्या आणि मुंबईस न परतता थेट गोव्याची वाट धरली.

फाल्गुनातली दुपार होती. आपल्या दाराशी न जाता आम्ही भिंतीपलीकडच्या दाराशी उभे राहिलो. नातवाची पिशवी परत करावयाची, हे निमित्त तोंडी घोकून ठेवले होते. दार बंधूंनीच उघडले. ते फार वाळले होते. कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते. त्यांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा आमच्या पाठीकडे पाहिले.

"पाठीर कितें हाडलां?"

आम्ही पडशी खाली ठेवून उघडली. वाटेत दोन्ही पुड्या फुटल्या होत्या आणि साखरफुटाण्यांत कुंकू मिसळले होते. थोरलीचा प्रसाद कोणता आणि धाकटीचा कोणता, हे सांगण्याची सोय उरली नव्हती. तेवढेच त्यांच्या ओंजळीत घातले.

बंधूंनी ते डोळ्यांस लावले आणि दारातून बाजूस झाले. "तूं आयलो तें बरें जालें," म्हणाले. "भितर यो."

चौकातली भिंत अजून तशीच आहे. तिच्यात एक दार पाडावे, असे ठरले आहे. गवंडी शिगम्यानंतर यावयाचा आहे.