कमरेवरचा कॅशियर

वीस वर्षं मी बँकेत लोकांचे हिशेब जुळवतोय. स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा मेळ मात्र कधी बसला नाही. रोज इन्शुलिनची चार इंजेक्शनं टोचून घेऊनही नाही. शेवटी डॉक्टरांनी आठवडाभर वापरून बघायला इन्शुलिनचा पंप दिला.

पत्त्यांच्या जोडाएवढी डबी कमरेला, तिची नळी पोटाच्या कातडीखाली. दिवसरात्र थोडंथोडं इन्शुलिन आपोआप जातं. आमच्या भाषेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. जेवणाचा जादा डोस मात्र आपण मागायचा, आणि त्याआधी ताटात पिष्ट-साखर किती ग्रॅम, ते भरायचं. व्हाउचरशिवाय पेमेंट नाही!

पहिल्याच दिवशी साहेबांसमोर डबी पीं पीं करू लागली. साहेब म्हणाले, "घ्या फोन." म्हटलं, "पोटाचा आहे."

घरी पुरणपोळी काट्यावर ठेवत हिनं विचारलं, "तूप धरायचं?" तुपात पिष्ट नसतं म्हटल्यावर दुप्पट वाढलं.

किंमत ऐकून मात्र पंप परतच करणार होतो. पण रात्री माझी साखर उतरेल या धास्तीनं ही रोज दोनला उठून माझं कपाळ चाचपते. परवा दोनला मीच जागा झालो. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी लावून दिलेला, डबी गप्प, आणि ही चक्क घोरत होती.

सकाळी कर्जाचा अर्ज भरला. काउंटरच्या पलीकडे उभं राहून, प्रथमच!